कार्डावर 'नॉर्मल' लिहिलंय



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत मी एक कविता वाचली. बाळंतपणात फाटलेल्या बाईची. चार ओळी होईतो एक जण खाली बघायला लागला, दुसरा बिडी ओढायला बाहेर गेला. वाचून झाल्यावर आपले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "ताई, लिहिता चांगलं. पण हा बायकांचा घरातला विषय. चळवळीचा न्हाई. आन् शब्दबी जरा जपून वापरा."

त्या दिवशी मी गप्प बसले. सातवा महिना चालू आहे. पाळी करून सरळ बैठकीला आले होते. पाय सुजले होते. भांडायची ताकद नव्हती. आज सुट्टी आहे. आज उत्तर लिहिते.

आधी शब्दांचं बघू. व्यवस्थेला शिवी घालताना तुम्ही बाईच्या त्याच जागेचं नाव घेता. टाळ्या पडतात. विद्रोही कवी म्हणून पाठ थोपटली जाते. त्याच जागेला जखम झाली, आणि जिला झाली तिनंच तिचं नाव घेतलं, तर ते अश्लील? शिवी म्हणून चालतं आणि जखम म्हणून चालत नाही, ही कुठली भाषा? ही भाषा आपली नाही. ती ज्यांची आहे त्यांची त्यांना परत करा. मी योनी लिहीन, गुद लिहीन, गू लिहीन. आपल्या आज्यापणज्यांनी दुसऱ्यांचा गू डोक्यावर वाहिला तेव्हा कुणाला शब्द जपावेसे वाटले नाहीत.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असते. शाळा नववीत सुटली. पुढं जे वाचलं ते जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तकांतनं आणि रद्दीतनं. तेव्हा हे पंडिताचं लिहिणं नाही. माझ्या अंगावर जे घडलं आणि त्यानंतर विचारून, वाचून जे कळलं, तेवढंच सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी पहिलटकरीण होते. रात्री कळा घेऊन दवाखान्यात गेले. नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग वस्ती विचारली. वस्ती ऐकल्यावर आवाज बदलला. टेबलावर उताणी पाडली, पाय वर बांधले. ओरडले तर मांडीवर चापट. "नवऱ्याजवळ झोपताना न्हाई वरडलीस?" ही शिवी ज्या बाईनं सरकारी टेबलावर ऐकली नाही तिनं हात वर करावा. मग एकीनं पोटावर कोपर रोवून जोर दिला. दुसरीनं न विचारता कात्री चालवली. बाळ आलं, रडलं, आणि मी खालनं गुदापर्यंत फाटले. एका शिकाऊ पोरानं तिथंच टेबलावर एका दिव्याखाली टाके घातले. भुलीचं इंजेक्शन लागलं की नाही मला कळलं नाही. टाके मात्र एकेक कळले.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. हातात कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं: नॉर्मल डिलिव्हरी. आई व बाळ सुखरूप.

पाचव्या दिवसापासून मला वारा धरता येईना. मग शी धरता येईना. दूध पाजायला बसले की खाली पातळ सुटायचं. दिवसातनं चार चार साड्या. आत्याबाईंनी माझी बादली वेगळी केली, मग ताट वेगळं केलं, मग माझी खाट ओसरीच्या कोपऱ्यात टाकली. "वास येतो" म्हणाल्या. शेजारच्या बाया बाळ बघायला यायच्या, नाकाला पदर लावून जायच्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली कोपऱ्यात मी. १९२७ साली महाडात मनुस्मृती जाळली. तिची राख आमच्या ओसरीत माझ्या खाटेखाली तशीच पडलेली होती. आपल्याच माणसांनी मला न शिवण्याजोगी केली होती.

नवरा माझा वाईट माणूस नाही. मोर्चात पुढं असतो. पण रात्री माझ्याकडं पाठ करून झोपायचा. "दवाखान्यात जाऊ" हे शब्द त्याच्या तोंडातनं निघायला चार महिने लागले. त्याला लाज, मला भीती. मी एकट्या त्याच्यावर ढकलून मोकळी होत नाही. मलाही माझ्या दुखण्याचं नाव माहीत नव्हतं. ज्याला नाव नाही त्याच्याविषयी बोलायचं कसं?

रजा संपल्यावर पाळीवर गेले. साच्यांच्या रांगेत तुटलेला धागा दिसला की पळत जाऊन जोडायचा, हे आमचं काम. पळालं की माझं सुटायचं. पाळीत तीनदा संडासला गेले, तर मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "तिकडंच साचा टाकून देऊ का तुला?" दोन महिन्यांत काम सोडलं. परत चिकटायला वर्ष गेलं.

आता त्या दुखण्याचं नाव सांगते, म्हणजे तुमच्या घरात कुणी चार महिने वाट बघणार नाही.

बाळंतपणातली फाट चार पायऱ्यांची असते. पहिली पायरी, नुसती कातडी. दुसरी, योनी आणि गुद यांच्या मधल्या भागातला स्नायू. तिसरी, गुदाभोवतीचा गोल स्नायू, जो शी आणि वारा धरून ठेवतो. पोत्याचं तोंड आवळायची दोरी तुटावी तसं ते होतं. चौथी पायरी म्हणजे त्याच्याही आतलं गुदाचं अस्तर फाटतं. पहिल्या दोन पायऱ्या पुष्कळ बायकांना होतात आणि भरून येतात. तिसरी-चौथी ही मोठी दुखापत. बाळंतपणानंतर लगेच गुदात बोट घालून तपासलं तरच ती नक्की कळते. तपासलं नाही तर वरनं कातडी शिवून मोकळे होतात आणि आत तुटलेल्या स्नायूची टोकं तशीच राहतात.

ही फाट शिवायची म्हणजे ऑपरेशन थिएटरात, चांगल्या उजेडात, कंबरेतनं किंवा पूर्ण भूल देऊन, त्याचं शिक्षण घेतलेल्या हातानं. नंतर जंतू मारायची औषधं, शी मऊ राहायचं औषध, खालचे स्नायू आवळायचे व्यायाम आणि सहा ते बारा आठवड्यांत फेरतपासणी. हे नीट झालं तर दहातल्या सहा ते आठ बायकांना वर्षभरानंतर त्रास उरत नाही.

मी खोटं बोलणार नाही. फाट चांगल्या हातांतही पडते. पहिलं बाळंतपण असतं, बाळ मोठं असतं, चिमटा लावावा लागतो. मी फाटले याबद्दल कुणाला फासावर द्या म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली लिहून ठेवलंय की बाळ काढायला पोटावर दाबू नका आणि सरसकट कात्री लावू नका. माझ्यावर दोन्ही केलं. त्याच्यावर कडी म्हणजे फाट लपवली. कार्डावर 'नॉर्मल' लिहिलं.

त्या एका शब्दानं माझं काय काय गेलं बघा. फेरतपासणी गेली, कारण नॉर्मल बाईला कशाला बोलवायचं? रजा गेली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं बाळंतपणातनं आलेल्या दुखण्यासाठी, दाखला असेल तर, नेहमीच्या रजेवर आणखी एक महिना पगारी रजा दिली. आताच्या नव्या संहितेतही ती आहे. पण दाखल्यावर दुखणंच नाही, तर रजा कसली? आणि आता दुसऱ्या खेपेला जो तो तेच कार्ड बघतो आणि म्हणतो, पहिलं नॉर्मल झालंय की!

आणि तुम्ही म्हणता, हा चळवळीचा विषय नाही.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. विधेयक गिरणी-कारखान्यांतल्या बायकांचं. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं यात देशाचंच हित आहे. त्या ओझ्याचा मोठा वाटा सरकारनं उचलावा, आणि बाईच्या श्रमावर मालक नफा कमावतो म्हणून त्यालाही वाटा चुकत नाही. १९२९ ला मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढं नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार करून दिलेलं. त्यात असा मुद्दा आहे, की बाळंतपणाच्या यातना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर त्यानं दुसऱ्या मुलाचं नाव काढलं नसतं. ठराव पडला. पण बाबासाहेबांना बाईच्या कळा कायदेमंडळात आणायला लाज वाटली नाही. तुम्हाला मंडळाच्या खोलीत वाटते. आपण त्यांच्या पुढं आलो की मागं गेलो?

आता दुसऱ्या बाळंतपणाचं.

दिवस गेल्याचं कळलं त्या रात्री मला झोप नव्हती. पोराचा आनंद बाजूला. परत त्या टेबलावर, परत फाटणार, या वेळी कायमची. आत्याबाई म्हणाल्या, "दुसरं सोपं असतं. वाट झालेली असती." आई म्हणाली, "बाई म्हटल्यावर फाटतीच. आम्ही न्हाई का जल्म दिला?" मायबाप, तुम्ही जन्म दिला आणि त्यानंतर जन्मभर ओल्या फडक्यावर बसलात, कुणाला सांगितलं नाहीत. ते मला वारशात नको.

खाजगी डॉक्टरकडं गेलो. हात न लावता म्हणाला, "सिझर. पैशाची सोय करा." सरकारी दवाखान्यात गेले. कार्ड बघून म्हणाले, "नॉर्मल होईल, जा." एकाला पोट कापून विकायचं होतं, दुसऱ्याला पुढचा पेशंट घ्यायचा होता. दोघांनी मला काही विचारलं नाही.

मग आमच्या आशाताईंनी मला ९ तारखेला ओढत नेलं. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची फुकट तपासणी असते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड बाजूला ठेवलं आणि विचारलं, "वारा धरता येतो? शीची घाई झाली की पळावं लागतं? कपडे खराब होतात?" तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी तिथंच रडले. बाईंनी तपासलं. म्हणाल्या, पुढच्या बाजूला स्नायू कमजोर आहे, त्या वेळी नीट जुळला नाही.

त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या बायकांसाठी लिहिते. तिसऱ्या-चौथ्या पायरीची फाट एकदा झालेल्या शंभर बायका पुढच्या खेपेला खालनं बाळंत झाल्या तर पाच ते सात जणींना पुन्हा तशीच मोठी फाट पडते. बाकीच्यांना पडत नाही. म्हणजे एकदा फाटली ती दर खेपेला फाटणार, हे खोटं. दुसऱ्या खेपेला काही होतच नाही, हेही खोटं. पण जिला त्रास उरलाय, किंवा तपासणीत स्नायू कमजोर दिसतो, तिच्यापुढं सिझरचा पर्याय ठेवला पाहिजे. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचं २०१५ चं मार्गदर्शन हेच सांगतं. पुन्हा फाटू नये म्हणून आधीच कात्री लावावी, याला मात्र पुरावा नाही. गरज पडली तरच लावायची.

आणि सिझर म्हणजे काही जत्रा नाही. पोटाचं ऑपरेशन आहे. रक्त जातं, जंतू होऊ शकतात, पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर चिकटायचा धोका असतो. सिझरनं नवी फाट टळते. जुनी भरून येत नाही.

माझ्याच खात्यातल्या एकीला अशीच फाट झाली होती. पण ती वेळेवर ओळखली, थिएटरात शिवली. तिला त्रास काही उरला नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसरं खालनंच ठरवलं. दवाखान्यात आधीच सांगून ठेवलं: पोटावर दाबायचं नाही, उताणं पाडायचं नाही. डोकं येताना कोमट पाण्याच्या फडक्याचा शेक दिला, हातानं खालच्या जागेला आधार दिला, "आता जोर नको, हळू श्वास सोड" म्हणत डोकं सावकाश येऊ दिलं. किरकोळ फाटलं, दोन टाके पडले. आठवड्यात हिंडायला लागली. तिचा निर्णय बरोबर.

माझं तसं नाही. मला अजून वारा धरता येत नाही, घाई झाली की पळावं लागतं. उरलाय तेवढा स्नायू मला पणाला लावायचा नाही. मी सिझर ठरवलंय. माझाही निर्णय बरोबर. घरात गलका झाला. "सिझरची बाई कामाची राहत न्हाई", "पोटुशी व्हायला पायजे, पण कळा नकोत." नवरासुद्धा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याला समोर बसवला आणि त्या ओसरीतल्या चार महिन्यांचं पहिल्यांदा सगळं सांगितलं. साड्या किती, कुठं धुतल्या, कुणाच्या नजरा चुकवून. तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "९ तारखेला मीबी येतो." तीन वर्षं उशीर झाला, पण आला.

तेव्हा ठराव मांडायचा असेल तर हा मांडा. कामं लिहून देते:

१. घरातल्या, वस्तीतल्या बाळंतिणीचं कार्ड वाचा. फाट पडली का, कितव्या पायरीची, कुणी शिवली, कुठं शिवली, हे लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. लिहिलं नसेल तर केसपेपरची नक्कल मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणं मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. मोर्चाचं निवेदन लिहायला येतं तुम्हाला, हा अर्जही येईल.

२. बाई टेबलावर एकटी नको. बाळंतपणाच्या खोलीत तिच्यासोबत घरची एक बाई राहू शकते, हे केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१६ ला सरकारी दवाखान्यांसाठी मान्य केलंय. अडवलं तर तिथं उभं राहायला कार्यकर्ते हवेत. आपण पोलीस चौकीत रात्र काढतो, दवाखान्याच्या दारात का नाही?

३. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसकट, फुकट आहे. औषध, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं. कुणी पैसे मागितले तर नाव लिहून घ्या.

४. वारा, शी, लघवी धरता येत नसेल तर तो 'बायकांचा भोग' नाही, दुखणं आहे, आणि त्याला इलाज आहे. पुढचं मूल ठरवायच्या आधी तपासून घ्या. दोन बाळंतपणांत अंतर ठेवा. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं पुन्हा दिवस जाऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते अंतर ठेवणं एकट्या बाईच्या हातात नाही, हे पुरुषांना वेगळं सांगायला नको.

५. खालनं की सिझर, हे सासू ठरवणार नाही, नवरा ठरवणार नाही, डॉक्टरचा गल्ला ठरवणार नाही. सगळं समजावून घेऊन बाई ठरवेल. एका माणसाला एक मत मिळालं म्हणून आपण नाचतो. स्वतःच्या अंगाबद्दल बाईला अर्धं तरी मत आहे का, ते आपापल्या घरात बघा.

६. घरात बाळंतिणीची बादली वेगळी, ताट वेगळं झालेलं दिसलं तर त्याला आजारपण म्हणू नका. त्याचं नाव तुम्हाला चांगलं माहीत आहे. ते कपडे तुम्ही धुवा. हाताला काही होत नाही.

पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला मी परत जाणार आहे. जुनं कार्ड घेऊन. आधी त्यावर खरं काय झालं होतं ते लिहून घेणार, सहीसकट. मग नव्या कार्डावर तारीख घालून घेणार. या वेळी कुणी काही लिहिलं की म्हणणार, बाई, मोठ्यानं वाचा.

आणि बैठकीला येणार आहे. तीच कविता परत वाचणार आहे, एक शब्द न बदलता. ज्याला बिडी ओढायला जायचं असेल त्यानं खुशाल जावं. मात्र तिथनं घरी गेल्यावर आईजवळ बसावं आणि विचारावं, "आये, माझ्या टायमाला तुला काय झालं होतं?" ती पदर तोंडाला लावून "काय न्हाई" म्हणेल. पुन्हा विचारा.

जयभीम.